पान, पाव आणि नागासाकी: रास अल खैमातला एक शनिवार

"वन सॅटरडे, ममा. जस्ट वन. कम विथ मी, अँड देन यू कॅन से नो."

आमची रेनी हे म्हणाली तेव्हा मी दुबईत, अल कुसैसच्या घरी बोंबील धूत होते आणि तोंडात 'नाही' तयारच होतं. महिनाभर तेच चाललं होतं. रेनीला नागासाकीच्या एका विद्यापीठात प्रवेश मिळालाय, स्कॉलरशिपसकट. विषय काय, तर चीन-जपानच्या बादशाह्या आणि त्यांचे परदेशी लोकांशी संबंध. पोरगी दुबईत जन्मली, दुबईत शिकली, मराठी सगळी कळते पण उत्तर इंग्रजीतच देते. वसईशी तिचा धागा म्हणजे मे महिन्यातली सुट्टी आणि माझी बडबड. तेवढाही तुटेल, ही माझी खरी भीती.

आणि त्यात जपान! वसईच्या ख्रिस्ती घरात जपान म्हटलं की गाड्या आठवत नाहीत, आमचे एक संत आठवतात. वसईत जन्मले आणि नागासाकीच्या टेकडीवर क्रुसावर चढवून भाल्याने मारले गेले. चारशेच्या वर वर्षं झाली, पण आमच्याकडे काल घडल्यासारखं सांगतात. जिथे आपल्या माणसाला मारलं, तिथे माझी एकुलती एक पोर पाठवू?

तिला सोमवारी उत्तर कळवायचं होतं. "तू नाही म्हणालीस तर मी जाणार नाही," असं तिने तिच्या इंग्रजीत सरळ सांगून टाकलेलं, आणि तेच मला जास्त जड जात होतं. भांडली असती तर सोपं होतं. म्हटलं, ठीक आहे, एक शनिवार. माझा नवरा सायमन लगेच म्हणाला, "यल्ला, चला, मी पेट्रोल भरून ठेवतो." ह्याला कुठेही जायचं म्हटलं की आधी खाणं दिसतं.

तुम्ही जाणार असाल तर ऐका: हिवाळ्यातच जा, आणि सकाळी लवकर निघा. शारजा एकदा मागे पडलं की ३११ नंबरचा रस्ता लोण्यासारखा आहे, तासाभरात उंट आणि डोंगर दोन्ही दिसायला लागतात. वाटेत पेट्रोल पंपाशेजारच्या कॅफेटेरियात करक, म्हणजे इथला कडक दुधाचा चहा आणि चीज-चिप्स घातलेला पराठा घेतला. चहा दोन दिरहम. "म्हणजे पंचेचाळीस-पन्नास रुपये," मी मोठ्याने म्हणालेच. इतकी वर्षं झाली तरी ती खोड जात नाही. रेनीने डोळे फिरवले.

पहिला थांबा रास अल खैमाचं म्युझियम, एका जुन्या किल्ल्यात. तिकीट शावरमाच्या भावात, फक्त सुट्टीचा वार आधी बघून घ्या. जाड भिंती, आत गार वारा, अंगणात सावली. मला वाटलं भाले-तलवारी असतील, पण रेनी मला थेट एका काचेच्या कपाटापाशी घेऊन गेली. आत फुटक्या चिनी मातीचे तुकडे होते, पांढऱ्यावर निळी नक्षी. इथून जवळच जुल्फार नावाचं जुनं बंदर होतं, तिथे सापडलेले.

मी तर उडालेच. "अगं, ह्या तर आमच्या ठिकऱ्या!"

लहानपणी आम्ही वसईच्या किल्ल्यात खेळायला जायचो. पावसाने माती धुऊन गेली की असेच निळे तुकडे वर यायचे. कडा घासून आम्ही त्यांची ठिकरी करायचो आणि लंगडी घालत घर जिंकायचो. चीनच्या राजघराण्याच्या काळातल्या थाळीवर आम्ही पाय देऊन उड्या मारत होतो, हे मला आज कळलं.

"सेम ट्रेड, ममा," रेनी म्हणाली. "चायना, इंडिया, हिअर. अँड यू नो व्हॉट? चायनाच्या मिंग एम्पररने तर एके काळी प्रायव्हेट ट्रेडर्सना समुद्रात जायलाच बंदी केली होती." इथे तिने चक्क अर्धं वाक्य मराठीत टाकलं, रागात किंवा उत्साहात असली की टाकते. "ही सेड नो. द प्लेट्स केम एनीवे."

"मला टोमणा मारतेस?"

"इफ द क्राउन फिट्स."

सायमन भिंतीकडे बघून हसत होता. तिथून पुढे दिवसभर माझं नाव 'मिंग ममा'.

दुसरा थांबा अल रम्सचं मोत्यांचं शेत. हे मात्र महाग आहे आणि आधी बुक करावं लागतं. लाकडी होडीतून खाडीत नेतात, शिंपले कसे वाढवतात ते दाखवतात, एक तुमच्यासमोर उघडतात. दाखवणारे काका इथलेच अरब, पांढरी दाढी, हिंदी मात्र माझ्यापेक्षा झकास. ते सांगत होते की पूर्वी सगळं आखात मोत्यांवर जगायचं. माणसं नाकाला चिमटा लावून तळाशी बुडी मारायची. मग जपानने शेतात मोती पिकवायला सुरुवात केली, जगात मंदीही आली, आणि इथला धंदा खलास.

"बघ," मी रेनीच्या कानात म्हणाले, "इथेही वाट लावली तुझ्या जपानने."

आमच्या बाकावर एक जपानी आजीबाई बसल्या होत्या, मुलाकडे दुबईला आलेल्या. नीटनेटक्या, डोक्यावर टोपी. त्यांनी पिशवीतून एक कागदी पुडा काढला, माझ्यासमोर धरला आणि गोड हसून विचारलं, "पान?"

माझा जीवच गेला. पानावर इथे बंदी, थुंकलात तर दंड, आणि ही बाई भर होडीत पुडा उघडते! "नो, नो, नो!" मी किंचाळलेच. "पान नॉट अलाउड! पोलीस! फाइन! आत ठेवा, आत ठेवा!" आजीबाईंनी घाबरून पुडा छातीशी धरला. अख्खी होडी आमच्याकडे बघायला लागली.

रेनी हसून हसून बाकावरून खाली यायची बाकी. "ममा! पान इज ब्रेड! इन जॅपनीज, पान मीन्स ब्रेड!"

पुड्यात मऊ गोड पाव होते. मी शरमेने लाल. माफी मागितली, एक पाव घेतला, आजीबाई पण तोंडावर हात ठेवून हसायला लागल्या. मग रेनीने समजावलं: पोर्तुगीज गलबतं वसईला आली आणि पुढे मकाववरून नागासाकीलाही गेली. आपण त्यांच्याकडून घेतला 'पाव', त्यांनी घेतला 'पान'. मग काय, आमच्या भेंड्याच सुरू झाल्या. आजीबाईंनी शर्टाचं बटण दाखवलं, "बोतान." मी म्हटलं, "बटण!" त्यांनी हात चोळून फेस काढल्यासारखं केलं, "शाबोन." "साबण!" सायमनने खिशातली सिगारेट वर केली. "ताबाको!" "तंबाखू!" होडीतले बाकीचे टाळ्या वाजवत होते.

शेवटी माझ्या गळ्यातल्या क्रुसाकडे रेनीने बोट केलं आणि हळूच म्हणाली, "कुरुसु."

आजीबाईंनी मान हलवली. "ओल्ड वर्ड," त्या म्हणाल्या. "नागासाकी."

मी गळ्यातला क्रूस मुठीत धरला. क्रूस. कुरुसु. हा शब्द तिथे कुणी नेला असेल, ह्याचा विचार करायची मला गरजच नव्हती. माझे डोळे भरून आले आणि मी ते लपवलेही नाहीत.

उतरताना मी काकांना विचारलं, जपानी लोकांचा राग नाही येत? ते म्हणाले, "हमारा दादा पूरा उमर जापान को गाली दिया. ये काम हमको जापानी उस्ताद ने सिखाया. दादा भी सही, हम भी सही. समंदर तो एक ही है ना, सिस्टर."

जेवण रस्त्यावरच्या एका साध्या हॉटेलात झालं, तळलेला मासा, भात, लिंबू. पोटभर आणि स्वस्त. सायमनने दोनदा मागवलं. परतताना जझीरत अल हमराला थांबलो. हे मोत्यांवर जगलेलं गाव, आता रिकामं. प्रवाळाच्या दगडांची घरं, एक मशीद, उघड्या खिडक्या. काही घरं आता डागडुजी करून उभी केली आहेत. बूट घालूनच जा, वाळूत काचा-बिचा असतात. ऊन उतरलं होतं. आम्ही मायलेकी एका ओट्यावर बसलो.

"जपानच्या बादशहाने मारलं आपल्या संतांना," मी म्हणाले.

"नॉट द एम्परर, ममा. एम्परर होता क्योटोमध्ये, नावाला. पॉवर दुसऱ्याकडे होती."

"म्हणजे छत्रपती साताऱ्याला आणि कारभार पेशव्यांचा?"

"एक्झॅक्टली!" ती खूश झाली. मग म्हणाली की नंतर तिथल्या राज्यकर्त्यांनी पोर्तुगीजांना हाकलून दिलं, धर्मावर बंदी घातली, जवळजवळ सगळी दारं लावून घेतली. नागासाकीत मात्र एक खिडकी उघडी ठेवली, डच आणि चिनी व्यापाऱ्यांसाठी. तिला त्या खिडकीचाच अभ्यास करायचाय. आणि त्या बंदीतसुद्धा गरीब कोळी-शेतकऱ्यांनी पाद्रीशिवाय, देवळाशिवाय, दोन-अडीचशे वर्षं प्रार्थना जपल्या. आईने लेकराला पाठ करायला लावल्या, एवढंच.

"अँड ममा, तुमचे सेंट. यू ओन्ली टेल मी हाऊ ही डाइड. ही वॉज अ ट्रेडर देअर. ही लर्न्ट द लँग्वेज. ही वॉज द ट्रान्सलेटर. ही लाइक्ड इट देअर."

खरंच की. त्यांचं मरण आम्हाला पाठ आहे, पण ते तिथे जगले कसे, ते कुणी सांगितलंच नव्हतं. वसईचा एक तरुण मुलगा, परक्या देशात, लोकांना एकमेकांचं बोलणं समजावून सांगणारा. त्याच्याही आईने कुणाला तरी विचारलं असेल, एवढ्या लांब कशाला.

घरी पोचलो. येताना कोपऱ्यावरच्या बेकरीतून पाव घेतला, कालचं इंद्याल, आमचं आंबट-तिखट कालवण, गरम केलं. ह्या सहलीतून मी काय आणलं म्हणाल, तर मोती नाही, फोटोही धड नाहीत. 'लांब' ह्या शब्दाची भीती मात्र थोडी कमी झाली. ठिकरी चीनहून वसईला येते, पाव वसईला येतो तसा जपानलाही जातो, आणि चावला की चव ओळखीची लागते. मुहैस्नाहच्या कामगार वस्तीतल्या बसा रोज आमच्या खिडकीखालून जातात, त्यातला प्रत्येक जण कुठल्यातरी आईला लांबच वाटत असतो. मी स्वतः वसईहून इथे आले तेव्हा माझ्या आईला कुठे जवळ होतं?

रेनी ताट घेऊन समोर बसली. "सो, मिंग ममा? डील इज अ डील. यस ऑर नो?" हसत विचारलं, पण पावाचा तुकडा हातात तसाच होता.

मी म्हणाले, "त्या टेकडीवर गेलीस की मेणबत्ती लाव. इथून नेऊ नकोस, तिथलीच घे. आणि आपल्या संतांना सांग, वसईहून आलेय, घरची आहे. इंग्रजीत नको. त्यांना कळायचं नाही."

सायमन जेवायचा थांबला. रेनीने हातातला तुकडा ताटात ठेवला. मग खुर्ची सरकवून आली आणि माझ्या गळ्यात पडली, इंद्यालाच्या हातांसकट.

"सांगते, ममा," ती म्हणाली. "मराठीतच सांगते."