नरसिंहाचे कान

आमच्या भाऊजींनी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीच्या यजमानांनी, दुकानातली वस्तू जशी मिळाली तशीच आयुष्यात एकदा जरी वापरली असेल, तर माझं नाव बदला. डोंबिवलीच्या त्यांच्या दोन खोल्यांत भाऊजींचा हात लागला नाही अशी वस्तू सापडायची नाही. छत्रीला सायकलची मूठ, कारण मूळची मूठ "हाताला परकी वाटते". घड्याळावर पुठ्ठ्याची झडप, उन्हात काटे नीट दिसावेत म्हणून. मी एकदा ठाण्याहून नव्या चपला घालून गेले, तर चहा पिऊन होईपर्यंत त्यांनी तळाला सायकलच्या ट्यूबचे तुकडे ठोकलेसुद्धा! "आता घसरणार नाहीस," म्हणाले. खरंच घसरले नाही, पाऊलच उचलेना. स्टेशनपर्यंत गारा तुडवत असल्यासारखी गेले.

एवढा कल्पक माणूस, पण चार लोकांसमोर उभं राहायचं म्हटलं की पळ काढायचा. स्वतःच्या लग्नात नाव घ्यायची वेळ आली तेव्हा "पाणी पिऊन येतो" म्हणून उठले, ते पंगत उठल्यावर परतले. आणि हाच माणूस रंगमंचावर चढला, तीच गोष्ट सांगायचीय तुम्हाला. साल सत्याऐंशी की अठ्ठ्याऐंशी, आता नीट आठवत नाही. सोसायटीच्या गणपतीत प्रल्हादाचं नाटक होतं आणि त्यांची मिनू प्रल्हाद. पोरगी बापासारखीच बुजरी, पहिल्यांदाच काम मिळालेलं, झोपेतसुद्धा संवाद म्हणायची. आणि नाटकाला दहाच दिवस उरले असताना नरसिंह टायफॉइडने आडवा! मंडळवाले म्हणाले, नाटक रद्द, त्याऐवजी अंताक्षरी. मिनूने जेवण सोडलं. दुसऱ्या दिवशी भाऊजी ताटावर बसल्या बसल्या म्हणाले, "मी होतो नरसिंह." ताईच्या हातातली पळी आमटीत पडली.

आता मुखवटा हवा. ताई म्हणाली, "अहो, बाजारात ढीगभर टांगलेत." "तयार मुखवटे तयार चेहऱ्यांसाठी असतात," भाऊजी म्हणाले, "माझं नाक बघितलंस का?" त्यांची नजर गेली शोकेसकडे. तिथे मस्कतच्या काकाने मिनूसाठी पाठवलेला, एकमेकांत अडकणाऱ्या प्लॅस्टिकच्या ठोकळ्यांचा डबा होता. परदेशातली वस्तू म्हणजे काचेआडून बघायची, तेव्हा घरोघरी हाच रिवाज. मिनूला तो डबा वाढदिवसाला फक्त पुसायला मिळायचा. भाऊजींनी सरळ सील फाडलं. मग शिवणाची टेप घेऊन स्वतःचं डोकं मोजलं आणि त्या मापाचं भांडं शोधत स्वयंपाकघरभर फिरले. मापात बसलं भाताचं पातेलं. ते उपडं घालून त्याभोवती सिंह उभा राहू लागला आणि ताई आठवडाभर शेजारणीच्या पातेल्यात भात शिजवत होती. पिवळे ठोकळे संपले म्हणून उजवा गाल हिरवा झाला. मी हसले, तर म्हणाले, "देवाचा अवतार आहे, त्याला कोण विचारणार?"

मुखवटा झाला मात्र झकास. फक्त पातेल्याला कान नसतात आणि भाऊजींना होते, हे कुणाच्याच लक्षात आलं नाही. तेही चांगले सुपाएवढे! विंगेत दोघांनी दाबून मुखवटा बसवला तेव्हा कान असे चेपले, की आत चष्म्यावर वाफ आणि बाहेरचं जग मुकं. तसेच ते पुठ्ठ्याच्या खांबात जाऊन उभे राहिले.

हिरण्यकशिपू गरजला, "कुठे आहे तुझा देव?" मिनूने खणखणीत सांगितलं, "या खांबात आहे!" पुठ्ठा फाटू नये अशी हलकी लाथ बसली. खांब गप्प. पुन्हा लाथ. पहिल्या रांगेतून कुणीतरी ओरडलं, "देव ड्युटीवर गेला वाटतं!" मंडप खो खो हसला. मिनूचा चेहरा इतकासा झाला. माझ्या शेजारी ताईने माझा हात असा आवळला की बांगडी रुतली. आता पोरगी रडत आत पळणार, मी मनाशी म्हटलं. पण ती खांबाजवळ गेली, दोन्ही मुठींनी खांब बडवला आणि ओरडली, "बाबा, या ना! मी आहे इथे!"

त्या दणक्यांनी आतल्याला कळलं असावं, खांब आडवा झाला. भाऊजींनी अशी डरकाळी फोडली की जबड्याचे चार ठोकळे उडून तबलजीच्या मांडीवर पडले. दिसत काहीच नव्हतं. हिरण्यकशिपू समजून त्यांनी पडदेवाल्यालाच कवेत धरलं. खरा हिरण्यकशिपू बिचारा आपणहून मेला. लोक हसून हसून लोळत होते. नरसिंह तसाच मध्यभागी चाचपडत उभा. तेव्हा मिनूने त्यांचा हात धरला, नमस्कार करायला लावला आणि त्यांना सावकाश आत घेऊन गेली. का कोण जाणे, टाळ्या वाजायला लागल्या तेव्हा हसणं थांबलेलं होतं.

मुखवटा काही निघेना. शेवटी घरी पाटावर बसवून मिनूने एकेक ठोकळा काढायला घेतला. कान मोकळे झाले, लालभडक. मग गाल, मग डोळे. ती थांबली. "बाबा, रडताय?"

"घाम आहे," भाऊजी म्हणाले. मग कान चोळत, "फजिती झाली ना गं तुझी?"

"मला भीती वाटत होती," मिनू म्हणाली, "तुम्ही आलात मग नाही वाटली."

भाऊजी जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्यांना नंतर पुष्कळांनी नाटकात बोलावलं, पण ते परत कधी रंगमंचावर चढले नाहीत. म्हणायचे, "जिच्यासाठी जायचं होतं, तिच्यासाठी जाऊन आलो."