पाहुण्याचं पाणी

तुमच्या दारात आमदार आला आणि त्याने पाणी मागितलं, तर तुम्ही त्याला कुठलं पाणी देता? तुमची पोरं रोज पितात ते, की पाहुण्यासाठी वेगळं झाकून ठेवलेलं? उत्तर लगेच देऊ नका. मी ज्यांच्याबद्दल लिहिते आहे, त्या माणसाचं सगळं राजकारण या एका प्रश्नावर उभं राहिलं आणि याच प्रश्नावर कोसळलं.

नथूकाका गेल्याचा फोन आला तेव्हा मी टोकावड्याला एसटीची वाट पाहत उभी होते. बाबा एवढंच म्हणाले, "नथू गेला गो." लोकांसाठी ते माजी आमदार होते. आमच्यासाठी ते बाबांचे जुने सोबती. वनजमिनीचा मोर्चा असो की रेशनचा, पत्रकाचा मजकूर बाबांनी लिहायचा आणि शहापूरहून छापून आणलेले गठ्ठे दोघांनी खांद्यावर टाकून पाड्यापाड्यावर वाटायचे. मी अक्षरं शिकले ती त्या पत्रकांवरच. म्हणून काका मला शेवटपर्यंत पत्रकवाली म्हणत.

त्यांची एक रीत होती. कुठल्याही घरी गेले की ओट्यावर बसायचे, आधी तांब्याभर पाणी मागायचे आणि घोट घेऊन विचारायचे, "कुठलं पाणी, बाय?" मग बाई सांगायची की विहीर कुठे आहे, वाट कशी आहे, कोण भरतं, पोरगी शाळा बुडवून भरते का, वरच्या आळीतले भरू देतात का. भाषणाची गरजच पडायची नाही. "गावाची कुंडली तांब्यात असते," असं ते बाबांना सांगत. ज्या धरणाचं पाणी शहराला जातं त्याच्याच काठावर आमचे पाडे तहानलेले आहेत, हे त्यांना कुठल्या अहवालातून कळलं नव्हतं. ते प्यायले होते. लोकांनी त्यांना निवडून दिलं ते त्या तांब्यासाठी.

आमदार झाल्यावर त्यांनी आटगावच्या आतल्या बाजूला, डोंगराच्या कुशीतल्या एका पाड्याला नळयोजना मिळवून दिली. त्यासाठी ते मंत्रालयात किती खेटे घालत होते हे आम्ही पाहिलं आहे. उद्घाटनाला नळाला झेंडूचा हार घातला होता, आणि त्या दिवशी पाणी आलंही. पुढे तक्रारी सुरू झाल्या. अधिवेशनात योजनेवर प्रश्न लागला. उत्तर व्हायच्या आधी काका स्वतः पाड्यावर बघायला गेले. सोबत गाड्या होत्या, पाणीखात्याचे साहेब लोक होते, बाबा आणि मीही होतो. नळ कोरडा दिसत होता. साहेब म्हणाले, "पाणी सकाळी येऊन जातं." काकांनी त्यांच्याकडे पाहिलंही नाही. ते सरळ ठकीबायच्या ओट्यावर जाऊन बसले. ही पाड्यातली सगळ्यात जुनी बाई, काकांना पोरपणापासून ओळखणारी. तिने तांब्या दिला. पाणी नितळ होतं, गार होतं. काकांनी नेहमीसारखं विचारलं, "कुठलं पाणी, बाय?"

"पी रे भाऊ. पाण्याची चौकशी कराय आलास का ठकीला भेटाय?" ती म्हणाली. सगळे हसले. काकाही हसले आणि तांब्या रिकामा केला. त्यांची खात्री पटली होती. साहेबांचा शब्द त्यांनी मानला नव्हता, तांब्याचा मानला.

सभागृहात ते उठून म्हणाले की योजना चालू आहे, मी स्वतः तिथलं पाणी प्यायलो आहे. विषय संपला. काम पूर्ण झाल्याचा शेरा बसला.

उन्हाळ्यात त्या पाड्यावर टँकर सुरू झाला तेव्हा मी एकटी तिथे गेले. ठकीबायने काही लपवलं नाही. उद्घाटनानंतर महिन्याभरातच नळ मेला होता. आमदार येणार कळल्यावर तिची सून पहाटे डोंगरातल्या कपारीत गेली, वाटीवाटीने हंडा भरला, दुहेरी फडक्याने गाळला आणि झाकून ठेवला. सबंध पाड्याला ते माहीत होतं. दारी आलेल्याला घरातलं उणं दाखवायचं नाही, ही आमची रीत. माझ्या आजीनेही हेच केलं असतं.

मी पत्रक काढलं. मथळा होता, 'आमदारसाहेब, तुमचा हंडा कुणी भरला?' ते आसनगाव स्टेशनबाहेर आणि शहापूरच्या बाजारात मी स्वतः वाटलं. त्यातला एक शब्दही मला आज मागे घ्यायचा नाही. बाबा माझ्याशी बरेच दिवस बोलले नाहीत. काका मात्र दुसऱ्याच दिवशी पत्रक हातात घेऊन आमच्या दारात उभे राहिले.

"खरं हाय हे, पत्रकवाले?"

"हो."

"चल मंग."

गाडी त्यांनी फाट्यावरच सोडली. पाड्यावर ठकीबायसमोर बसून ते म्हणाले, "मला गढूळ पाणी का नाय दिलंस, बाय?"

"पाव्हण्याला कोण देतं गढूळ?"

"मी पाव्हणा कधी झालो?"

ठकीबायने फाट्याकडे हात केला. "ती गाडी घेऊन यायला लागलास तवापासून."

काका उठले. परतताना वाटभर ते पुढे चालत होते आणि मी मागे...

त्यानंतर त्यांनी योजना पुन्हा उघडायला अर्ज केले, कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवल्या. सगळीकडे एकच उत्तर मिळालं. साहेब, तुम्हीच सभागृहात सांगितलंत ना? पक्षात ते अडचणीचे झाले. विरोधकांना आयतं कोलीत मिळालं. पुढच्या निवडणुकीत ते पडले, आणि त्या पाड्यानेही त्यांना मत दिलं नाही. त्यांना हरल्याचं दुःख नव्हतं. "वाईट माणसांनी फसवलं असतं तर भांडलो असतो गो," ते एकदा म्हणाले. "मायेने फसवलं. कुणाशी भांडू?" मला तेव्हा म्हणायचं होतं की दोष मायेचा नाही, काका, नळाची चावी फिरवून बघायला हवी होती. मी म्हटलं नाही. त्यांना ते माहीत होतं.

त्यांच्या शोकसभेत मंचावर सीलबंद बाटल्या ओळीने मांडल्या होत्या. वक्त्यांनी त्यांना पाणीदार नेता म्हटलं, एकेक बाटली उघडली, दोन घोट घेतले आणि तशीच सोडून गेले. पाड्यावरचा नळ अजून कोरडा आहे.

गेल्या आठवड्यात मी त्यांच्या घरी गेले. ओट्यावर त्यांची जागा तशीच मोकळी होती. कोनाड्यात तोच पितळी तांब्या, काठाला पोचा आलेला. काकी आतून पाणी घेऊन आल्या. त्यांच्या विहिरीने तळ गाठला आहे. पाणी मातकट होतं, तळाशी गाळ बसत होता.

"गाळलेलं नाय हां," त्या म्हणाल्या. "सांगून गेलेत. कोनीबी येऊ दे, आपण पितो तेच द्यायचं."

मी ते प्यायले. मग काकींना विचारलं, कुठलं पाणी? त्या माझ्याशेजारी बसल्या आणि सांगू लागल्या...

तुमच्याकडे एवढंच मागते. पुढाऱ्यांच्या गाड्या तुमच्याही गावात येतील. पहाटे कपारीकडे जाऊ नका. पाहुण्याचा हंडा भरू नका. माठाच्या तळाचं, तुमची पोरं पितात तेच पाणी त्यांच्या हातात द्या, आणि त्यांनी विचारलं नाही तरी ते कुठलं आहे ते सांगा. तांब्या रिकामा होईपर्यंत त्यांना ओट्यावरून उठू देऊ नका.