लशीच्या आधीचं रक्त

पणदऱ्यापासून सुप्यापर्यंत अल्लाबक्षच्या सुईला नाव ठेवणारा माणूस शोधून सापडला नसता. तीस वर्षं त्यानं गोठ्यागोठ्यांत लशी टोचल्या, पण बर्फाअभावी एकही कुपी नासू दिली नाही. याचा त्याला भारी तोरा होता. निवृत्तीनंतर संस्कृती नावाच्या संशोधक मुलीनं त्याला कामावर घेतलं. गाय, शेळी, कोंबडी, सगळ्यांचं रक्त लस टोचण्याआधी आणि नंतर काढायचं आणि बारामतीला तिच्या प्रयोगशाळेत पोचवायचं. कुणाच्या रक्तातल्या लढाऊ पेशी लशीनं कशा जाग्या होतात, हे ती ताडून बघणार होती. त्यातून पुढच्या लशी सुधारायच्या होत्या.

तीन महिने झाले. शेवटच्या फेरीच्या सकाळी संस्कृतीनं रक्त नेण्यासाठी दिलेली पेटी पुसताना झाकणाच्या आतल्या कागदावर त्याची नजर गेली. ‘रक्त बर्फात ठेवू नये. पेशी मरतात.’ कागद पहिल्या दिवसापासून तिथंच होता. पण ज्याचा जन्म पेटी वाहण्यात गेला, तो पेटीवरचं वाचतोय कशाला!

नेमकी त्याच दिवशी संस्कृती सोबत आली. शेळीवाल्या शकुबाईच्या अंगणात बाजेवर टेकत म्हणाली, “चाचा, निम्म्या पेशी मेलेल्याच निघतात. माझंच काहीतरी चुकतंय. तुमच्या कामात तर खोट निघायची नाही.”

अल्लाबक्षनं पेटीचं झाकण घट्ट दाबलं. बोलावं तर तीस वर्षांची अब्रू मातीत, गप्प राहावं तर ही पोर स्वतःलाच दोष देत बसणार. इकडं आड, तिकडं विहीर.

“तुमचं न्हाय चुकलं,” तो अखेर म्हणाला. “म्या बर्फात आणलं. समदं.”

तिनं पेटीचं झाकण उघडून आतल्या कागदावरून बोट फिरवलं.

“परत घिऊ की रक्त,” तो घाईघाईनं म्हणाला. “जनावरं हितंच हायती, म्या बी हाय.”

“नंतरचं मिळेल, चाचा. लशीच्या आधीचं कुठून आणायचं?”

लस त्यानंच टोचली होती, झाडून सगळ्यांना. ती आता कुणाच्या अंगातून काढून घेता येणार नव्हती.

एवढ्यात शकुबाई शेळी घेऊन आली. “घ्या बगू रगत लवकर, अल्लाबक्षभाऊ. तुमी धरलं की ही जरा बी हलत न्हाय.”

शेळी खरंच हलली नाही. मान पुढं करून उभी राहिली. अल्लाबक्षच्या हातात सुई होती. ती त्याला टोचवेना, आणि खालीही ठेववेना.