बेटावरची बेशरम

आमच्या बेटावर बेशरम मी लावली. नातवंडांसमोर हे म्हटलं की ती खिदळतात, आणि धाकटी नात डोळे मोठे करून विचारते, "आज्जी, म्हणजे तू स्वतःलाच लावून आलीस?" तिचं फारसं चुकत नाही.

आष्ट्यापासून खाली, कृष्णा जिथं वळण घेते तिथं आमच्या गावाचं बेट आहे. उन्हाळ्यात गुडघाभर पाण्यातून चालत जाता येतं, मगरीनं मनाई केली नसेल तर. पावसाळ्यात ते पाण्याखाली असतं. मी तेव्हा तरुण होते, म्हणजे पन्नाशीच्या अलीकडे-पलीकडे. महिला मंडळाची अध्यक्ष होते, आणि अध्यक्षपद मिळालं की बाई आवाजानं आणखी तरुण होते. मला ते बेट उघडंबोडकं दिसायचं. गोटे, वाळू, चार झुडपं. शोभा म्हणून काही नाही. तेवढ्यात मला पाटाच्या कडेला गुलाबी-जांभळी फुलं दिसली. काठी मोडून खोचली की जगते, पाणी नको, खत नको, शेरडं तोंड लावत नाहीत. मला वाटलं, अख्ख्या दुनियेनं दुर्लक्ष केलेलं रत्न मीच शोधून काढलं! मंडळाच्या सगळ्या बायकांच्या हातात काठ्यांच्या मोळ्या दिल्या आणि बेटाच्या कडेकडेनं खोचून आलो. पेपरात फोटो आला. आमचे हे फोटो बघून म्हणाले, "झाडाचं नाव बेशरम. लावायला बाई पण शोधून पाठवली."

पुढच्या काही पावसाळ्यांत बेशरमीनं बेट गिळलं. गोटा दिसेना, वाळू दिसेना, पाऊल ठेवायला जागा उरेना. मी मात्र घाटावर आलेल्या पाहुण्यांना लांबूनच हात करून दाखवायची, "ते सगळं मीच फुलवलंय हं!"

अशीच दाखवत होते तेव्हा मागून आवाज आला, "कुणी लावलं म्हनला ह्ये?"

वळून बघितलं तर कडक इस्त्रीचा पांढराशुभ्र सदरा, सोन्याची बटणं, केसाला तेल, अंगाला अत्तर. मी ऐटीत म्हटलं, "मी!" त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, खिशातून एक काळा, गुळगुळीत दगड काढला आणि हात पुढं केला. "कानातलं दावा जरा." मीही खुळी, काढून दिलं. त्यांनी कानातलं फूल दगडावर घासलं, उमटलेली रेघ उन्हात धरली आणि फूल परत दिलं. "सोनं चोख हाय. म्हंजे घरात अक्कल हाय. मग वैनी, बेटावर येताना ती कुटं ठिवून आला?"

हे आमचे गलाईतात्या. विट्याच्या बाजूचे. तिकडची माणसं देशभर सोनं गाळायची दुकानं चालवतात, तसं तात्यांनी उभं आयुष्य कोइमतुरात भट्टीपुढं काढलं. पण त्यांचं लहानपण गेलं ते आमच्या गावात, मामाच्या घरी. पोहायला शिकले ते ह्याच बेटाच्या आडोशाला. मिसरूड फुटायच्या आत मामानं दुकानावर धाडून दिलं. आता दुकान पोरांच्या हातात देऊन ते मामाच्या रिकाम्या घरात येऊन राहिले होते. कसोटीचा दगड खिशातून गेला नव्हता आणि जिभेवरून तमिळ गेलं नव्हतं. कुठल्याही गोष्टीला "बरं बरं" म्हणायच्या ऐवजी ते "सरी सरी" म्हणत. तांबड्या रश्श्याच्या गावात दहीभात खात आणि वर आम्हालाच नावं ठेवत. "पोटात भट्टी पेटवून काय गाळताय रं?" असं पंगतीत बसलेल्यांना विचारत. नम्रपणा हा शब्द त्यांच्या गावावरून गेला नव्हता.

मला वाटलं होतं, ते बेशरमीच्या जागी चंदन लावा, नारळ लावा असं काही सांगतील. बाहेर राहून आलेली माणसं सांगतातच. तात्या म्हणाले, "कायबी लावायचं न्हाई. निस्तं काढायचं."

"आणि मग?"

"मग काय? आमी सोनं कवा तयार केलं का वैनी? ते आत असतंयच. बाकीचं काढलं की दिसतंय. ह्या बेटावर वाळुंजाची झाडं हुती, शेरणीची झुडपं हुती. गोट्यांवर टोपीवाले अंडी घालायचे. ते कुणी लावलं हुतं? तुमच्या मंडळानं?"

टोपीवाले म्हणजे नदीसुरय. पिवळी चोच, डोक्यावर काळी टोपी, शेपटी कात्रीसारखी. उघड्या गोट्यांत नुसता खळगा करून अंडी घालणारा पक्षी. मी जे उघडंबोडकं म्हणून झाकून टाकलं होतं, ते त्याचं बाळंतघर होतं. भट्टीच्या धगीत उभं असताना आपल्याला फक्त ते बेट आठवायचं, असं तात्या एकदाच म्हणाले, आणि लगेच बटणं चाचपत दुसरं बोलायला लागले.

माझा स्वभाव असा की, चूक कळली की ती निस्तरायची घाईही मलाच. दुसऱ्याच दिवशी मी मंडळाला कोयते घेऊन बेटावर उतरवलं. बांगड्यांचं दुकान चालवणारी आमची शमीमभाभी सगळ्यांत पुढं. सपासप तोडली आणि मोळ्या करून नदीत सोडून दिल्या. वाहत्या पाण्यात गुलाबी फुलं काय सुंदर दिसत होती! तात्या धोतराचा सोगा सावरत घाटावर पोचले तेव्हा शेवटची मोळी निघाली होती. त्यांनी कपाळावर हात मारला. "अय्यो! आवं, तिचा येक तुकडा येक झाड हुतंय! आता खालच्या समद्या गावांस्नी आहेर धाडला की तुमी!"

आहेर पोचला. थोड्या दिवसांनी खालच्या गावातली माझी मावसबहीण फोनवर म्हणाली, "अक्का, आमच्या घाटाला कसली गं छान फुलं आलीत!" मी फोन ठेवून दिला. आम्ही तिथं जाऊन तीही उपटून आलो, हे माझ्या बाजूनं लिहून ठेवते.

मग तात्यांच्या पद्धतीनं काम सुरू झालं. कोयता बंद. माती ओली असताना मुळासकट उपटायचं, एक तुकडा मागं ठेवायचा नाही, आणि सगळं वर आणून घाटाच्या तापलेल्या फरशीवर मुळं आकाशाकडं करून वाळत घालायचं. तात्या स्वतः खाली वाकत नसत. सदरा चुरगळेल. ते एका उंच गोट्यावर उभे राहून बोट दाखवत. शमीमभाभी एकदा म्हणाली, "तात्या, तुमचा हात कवा लागायचा मातीला?" तात्या म्हणाले, "सोनाराचं हात नाजूक असत्यात, बेटा." "मग आमचं काय फावडं हायेत व्हय?" तात्यांनी बाह्या सरसावल्या, खाली उतरले आणि पहिलंच झुडूप दणक्यात उपटलं. मी बघितलं, पानं अरुंद, खोड लालसर.

"तात्या," मी शक्य तितक्या गोड आवाजात म्हटलं, "ही शेरणी."

त्यांनी हातातलं झुडूप पुन्हा ओल्या वाळूत खोचलं, पायानं दाबलं आणि गोट्यावर परत चढले. "सरी सरी," एवढंच म्हणाले. भाभी दिवसभर मला विचारत होती, "वैनी, शेरनी कोन? ती का मी?"

मला एकच गोष्ट जमत नव्हती, न लावता राहणं. एकदा पिशवीत गुलमोहराचं रोप लपवून नेलं. एकच तर आहे, सावलीला होईल. तात्यांनी पिशवीकडं बघून विचारलं, "पिशवीत काय?" मी म्हटलं, "चपाती-भाजी." "भाजीला लय पालं दिसत्यात," ते म्हणाले. रोप माझ्याच परड्यात लागलं. आज त्याच्याखाली बसून हे लिहिते आहे.

उपटून झाल्यावर बेट पुन्हा उघडं पडलं, आणि तिथंच खरी अडचण उभी राहिली. सरपंच होता माझा पुतण्या, विक्रम. त्याला मोकळी जागा दिसली की ब्लॉक बसवावेसे वाटतात. ग्रामसभेत त्यानं उद्यान मांडलं. पायवाट, झोपाळे, सेल्फीसाठी मोठं बदामाचं चिन्ह. वरून एक धाकही घातला, "झाडोरा काढून टाकलाय तुम्ही. आता पहिल्या पुरात बेट धुऊन जातंय. ब्लॉक बसवले तर टिकंल तरी." माना डोलायला लागल्या. मी उठले, पण बोलणार काय? बेशरम लावणारीही मीच, काढणारीही मीच. मागून कुणीतरी म्हणालंच, "काकू, आता काय लावताय?"

तात्या उभे राहिले. त्या दिवशी त्यांचा दम लागत होता. आयुष्यभर आम्लाचा धूर छातीत गेलेला. ते विक्रमला म्हणाले, "येक पावसाळा आन् येक उन्हाळा दे. बेट ऱ्हायलं न्हाई, न्हाईतर टोपीवाले आले न्हाईत, तर तुझं झोपाळं मी सोताच्या हातानं बांधतो. आन् आले, तर तितं कवाच काय लावायचं न्हाई. बोल." सभेसमोर विक्रमला हो म्हणावं लागलं.

त्या पावसाळ्यात महापूर आला. पाणी घाट सोडून पेठेत शिरलं, आम्ही शाळेच्या वरच्या मजल्यावर जाऊन राहिलो. तिथून बेटाच्या जागी फक्त गढूळ, फिरणारं पाणी दिसायचं. तात्या खिडकीत खुर्ची टाकून बसलेले. मी विचारलं, "राहील का हो?" ते म्हणाले, "मुशीत सोनं दिसत न्हाई वैनी. आच उतरल्यावर बगायचं."

पाणी उतरलं. बेट होतं. चिखल होता, प्लास्टिक होतं, वरच्या गावांनी धाडलेल्या बेशरमीच्या काठ्या होत्या (आहेर परत आला, दुसरं काय!), पण शेरणीची झुडपं मातीत लोळण घेऊन पुन्हा मान वर करत होती. तिची मुळं गोट्यांच्या फटींत अशी गच्च रुतलेली की वाळू जागच्या जागी. एका बाजूला, कुणी न लावलेल्या वाळुंजाला कोंब फुटले होते. आम्ही पुन्हा खाली बसलो आणि आलेल्या काठ्या वेचायला लागलो.

उन्हाळा आला. कुत्री पलीकडं जाऊ नयेत म्हणून भाभी उथळ पाण्याच्या तोंडाशी बांगड्यांची पेटी मांडून बसायची, गिऱ्हाईकं तिथंच यायची. टिटव्या आल्या. टोपीवाले पाण्यावरून घिरट्या घालून निघून जायचे. विक्रम टेप घेऊन आला. "तात्या, मुदत संपत आली. मापं तरी घेऊन ठेवतो," म्हणून पांढरी टोपी सावरत गोट्यांत शिरला. थोडा पुढं गेला असेल नसेल, वरून किंचाळत एक पांढरा बाण खाली आला. त्याच्या कानाजवळून गेला, वळला, पुन्हा आला. मग दुसरा. विक्रम खाली वाकला, तेवढ्यात त्याच्या कडक टोपीवर पचकन प्रसाद पडला.

"हलू नगंस!" तात्या काठावरून ओरडले. "पायाखाली बग!"

त्याच्या बुटापुढं वीतभरावर, गोट्यांत गोट्यांच्याच रंगाची ठिपक्याठिपक्यांची तीन अंडी होती. विक्रम एका पायावर तसाच उभा राहिला. मग टेप गुंडाळत, उलट्या पावलांनी, डोक्यावर हात धरून परत आला. तात्या त्याच्या टोपीकडं बघून म्हणाले, "ग्रामपंचायतीचा शिक्का पडला बग." पुढच्या सभेत झोपाळे निघाले नाहीत. विक्रमनंच ठराव मांडला, बेट आहे तसं राहील. त्याची ती टोपी आता घाटावर आलेल्या पाहुण्यांना मी सांगायच्या गोष्टीत आहे.

तात्यांची छाती पुढं फारच वाजायला लागली तेव्हा मुलानं त्यांना औषधपाण्यासाठी कोइमतूरला बोलावलं. जायच्या आदल्या दिवशी ते माझ्याबरोबर बेटावर आले. खिशातला काळा दगड काढला आणि गोट्यांत ठेवायला गेले. मी म्हटलं, "तात्या, बाहेरचं काही ठेवायचं नाही ना?" त्यांनी माझ्याकडं बघितलं, दगड परत खिशात टाकला. "सरी," म्हणाले.

गेल्या हिवाळ्यात तिकडून निरोप आला. शोकसभेला सगळं गाव होतं. विक्रम उठला. तो म्हणाला, "तात्यांच्या आठवणीत बेटाच्या मधोमध एक झाड लावू. खाली त्यांच्या नावाचा फलक." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, भाभीसुद्धा डोळे पुसत वाजवत होती. मी उठून नाही म्हटलं. कुजबुज झाली, म्हातारीला मेलेल्या माणसाचंही कौतुक सोसत नाही म्हणून. मग मी त्यांना सांगितलं, आष्ट्याच्या स्टँडवर एसटीच्या पायरीवर एक पाय ठेवून तात्या मला काय म्हणाले होते ते, माझं एक अक्षर न घालता:

"वैनी, मी गेलो की ह्ये गाव हळवं हुणार, मला ठावं हाय. माझ्या नावानं बेटावर झाड लावाय निघतील. लावू दिऊ नका. आन् तुमीच पिशवीतनं न्हिलं, तर मी टोपीवाला हून येतो, आन् पयला तुमच्या डोस्क्यावर घान करतो. सरी?"