समोरची लग्नं

खंडेराव मार्केटातून परवा भाजी घेऊन बाहेर पडताना फुलांच्या पाट्यांपाशी पाय रेंगाळले. ओल्या गोणपाटात निशिगंधाच्या दांड्या गुंडाळून ठेवल्या होत्या आणि त्यांचा जड, किंचित शिळवट गोड वास उन्हात तरंगत होता. हा वास लग्नाचा की मरणाचा, हे मला कधीच ठरवता आलेलं नाही. फतेगंजमधल्या आमच्या घरात तो दोन्ही निमित्तांनी यायचा. समोरच्या चर्चमधून, वाऱ्याबरोबर, न विचारता.

नव्वदीच्या सुरुवातीला, बडोद्यात जुने बंगले पाडून फ्लॅट उभे राहू लागले होते, तेव्हा आम्ही रावपुऱ्यातलं भाड्याचं घर सोडून तिथे दुसऱ्या मजल्यावर राहायला गेलो. आई, बाबा आणि मी. बाबा शिक्षणखात्यातून नुकतेच निवृत्त झाले होते, मी ग्रंथालयात नोकरीला लागले होते आणि भाऊ इंदूरला होता. वास्तुशांतीला आलेली सगळी नातलग मंडळी गॅलरीत जाऊन समोर बघायची आणि आत येऊन एवढंच म्हणायची, "चर्चसमोर घेतलंत होय!" त्यात कौतुक किती आणि काळजी किती, ते ज्याचं त्याने ओळखायचं.

तसे फायदे होतेच. समोर इमारत उठण्याची भीती नव्हती, त्यामुळे आमच्या वाट्याला आभाळाचा एक मोठा तुकडा कायमचा आला होता. आवारातल्या आसोपालवांवर संध्याकाळी पोपट उतरायचे. रिक्षावाल्याला "चर्चनी सामे" एवढं सांगितलं की पुरे. सकाळच्या घंटेवर आई कुकर चढवायची आणि घंटा उशिरा झाली तर आमचा डबाही उशिरा व्हायचा. तोटे रविवारी कळायचे. स्कूटरींनी फाटक अडलेलं असायचं आणि लाउडस्पीकरवरचं प्रवचन आमच्या पोह्यांपर्यंत येऊन पोचायचं. पण बाबांचा खरा राग होता तो लग्नातल्या बँडवर. पहिला ढोल वाजला की ते उठून खिडक्या लावत, पेपर उघडत आणि एकच पान कितीतरी वेळ वाचत बसत.

आई मात्र तेवढ्यात मटाराची परात घेऊन गॅलरीत गेलेली असे. पहिल्यांदा तिला नवरीचा पांढरा झगा बघवला नव्हता. "शुभकार्यात पांढरं काय घालायचं!" असं म्हणून ती आत आली होती. मग हळूहळू तिची नजर सरावली. पुढे पुढे ती मला हाका मारून बोलवायची, "अगं, बघ तरी, पांढऱ्यातसुद्धा किती तऱ्हा असतात. ही मोतिया आहे, मागच्या आठवड्यातली दुधी होती." त्यातल्या एकाही नवरीला ती ओळखत नव्हती, पण प्रत्येकीच्या पाठवणीला तिचे डोळे भरून यायचे.

ती गेली जानेवारीतल्या एका सकाळी. देवाला फुलं वाहून उठताना खाली बसली, ती बसलीच. डॉक्टर आले आणि मान हलवून गेले. भाऊ इंदूरहून निघाला होता, त्याच्यासाठी थांबायचं होतं. तिला दिवाणखान्यात ठेवलं आणि भोवती बर्फाच्या लाद्या लावल्या. बर्फ वितळून पाणी दाराकडे ओघळत होतं आणि मी ते फडक्याने पुसत होते, पिळत होते, पुन्हा पुसत होते. रडू येत नव्हतं. येईल, असं वाटत होतं. शेजारच्या गुजराती बायका त्यांच्या रिवाजाप्रमाणे पांढऱ्या साड्या नेसून आल्या आणि भिंतीला टेकून बसल्या.

दुपारी दारात एक अनोळखी गृहस्थ येऊन उभे राहिले. काळा कोट, खिशाला गुलाबाचं फूल. खाली ताटीची तयारी बघून ते जिना चढून आले होते. समोर त्यांच्याच मुलीचं लग्न होतं. त्यांनी आईला हात जोडले आणि बाबांना हलक्या आवाजात म्हणाले, "वडील, अमे बेन्ड बंध राखीए छीए."

बाबांनी मान वर केली. बँड बंद ठेवायला ते नको म्हणतील असं कुणाच्या मनातही आलं नसतं.

"ना भाई, वगडावो," बाबा म्हणाले. "एने बहु गमतुं."

वाजू द्या, तिला फार आवडायचं. त्या गृहस्थांनी बाबांचा हात क्षणभर धरला आणि ते खाली उतरले. माझ्या आत्याने "दादा, लोक काय म्हणतील?" असं विचारून पाहिलं. बाबा उठले आणि जाऊन सगळ्या खिडक्या उघडून आले.

मग बँड वाजला. कुठलंसं सिनेमातलं गाणं होतं. ढोलाच्या ठोक्यांनी कोपऱ्यातल्या तांब्यावरचं फुलपात्र थरथरत होतं. मी गॅलरीत गेले. मोटारीतून नवरी उतरत होती आणि तिने वर पाहिलं. आमच्या गॅलरीत पांढऱ्या साड्यांतल्या बायका दाटीने उभ्या होत्या, खाली पांढऱ्या झग्यात ती. तिने दोन्ही हात जोडले. ही मोतिया की दुधी, एवढंच माझ्या मनात आलं. आणखी काही नाही. ऊन पडलं होतं, ते दिसत होतं. लागत नव्हतं.

दिवस कलताना भाऊ पोचला आणि आम्ही आईला खाली आणलं. वऱ्हाडी रस्त्याच्या कडेला सरकून उभे राहिले, वाजवणाऱ्यांनी वाद्यं खाली घेतली. मी हे सगळं पाहिलं, अगदी नीट पाहिलं.

त्यानंतर कित्येक वर्षं बाबा आणि मी त्या घरात राहिलो. शहर पसरलं, घरात केबल आली, फोन आला, चर्चची भिंत उंच झाली. बाबांनी बँडबद्दल पुन्हा कधी तक्रार केली नाही. मीही आईचा विषय काढला नाही. त्यांना त्रास होईल म्हणून तिच्या आवडीच्या भाज्या करणंही टाळलं. तेही माझ्यासमोर तिचा फोटो पुसत नसत.

फार उशिरा, त्यांच्या शेवटच्या आजारपणात, एका संध्याकाळी मी उशी सारखी करत असताना त्यांनी विचारलं, "त्या दिवशी बँड वाजू दिला, तुला राग आला होता का गं माझा?"

"नाही बाबा. काहीच आलं नव्हतं. राग नाही, रडूही नाही."

"मलाही नाही," ते म्हणाले. "तिला आवडायचं, हे खरंच. पण वाजेल तेव्हा तरी मला रडू फुटेल, असं वाटलं होतं."

मी त्यांच्याजवळ बसून राहिले. इतकी वर्षं एका छपराखाली आम्ही एकमेकांचं दुःख जपत आलो होतो, पाय न वाजवता वावरत होतो, आणि ते दोघांपैकी कुणाकडेच नव्हतं. की होतं, आणि त्याचं रूप हेच होतं? बाबाही गेले, तेव्हाही मी वाट पाहिली. आता पाहत नाही. रडून मोकळी झालेली माणसं मला भेटतात, आपल्या माणसांविषयी भरभरून बोलतात, आणि मी ऐकते. माझ्याकडे सांगण्यासारखं एवढंच आहे की त्या संध्याकाळी मी बाबांचा हात हातात घेतला, आणि त्यांनी तो सोडवून घेतला नाही.