हणमंतानं सोडलेला दोर

भूतखेत मी मानत न्हाई. आमच्याकडं भानामतीचा लई बोभाटा व्हायचा, तवाबी मी हसणाऱ्यातला. शाळा तिसरीपर्यंत, पण डोळे-कान शाबूत हायत. म्हणून जे झालं तेवढंच लिहितोय.

लातूर जिल्हा नुकताच येगळा झाला व्हता. कलेक्टर आला, पाणी काही आलं न्हाई. मी अन् हणमंता, दोघं औशाकडले, हिरी खोदणारे. दुष्काळात गावाकडं खोदून नुसता खडकच लागायचा, म्हणून कोकणात समुद्राकाठच्या एका गावात हिरीचं काम धरलं. वीस वर्षं एका दोरावर काम केलेलं... मी खाली, तो वर. आमचा कायदा एकच — खालच्यानं वर येऊन खांद्यावर हात ठेवायचा, "सोड" म्हणायचं, मगच वरच्यानं दोर सोडायचा.

ऐतवारी सुट्टी व्हती. गावाबाहेर समुद्रावर उभा कडा. तिथला चहाचा टपरीवाला म्हणला, "हा कडा उतरणं घाटावरल्यांचं काम नाही." झालं! मला झोंबलं.

हणमंता म्हणला, "किसन्या, गप बस. हीर हाय का ती?"

"तू नुसता दोर धर. उतरणार मी हाय."

दुपारचं कडक ऊन. दोराचं एक टोक माझ्या कमरेला, दुसरं हणमंतानं आपल्या कमरेला गुंडाळलं, टाच रोवून बसला. मी पार लाटांपर्यंत उतरलो, पाय भिजवले, परत चढाया लागलो. निम्म्यात पायाखालचा दगड निखळला. लोंबकळलो. गुडघा फुटला. ओरडलो — "हणम्या, हाय का रं?"

"हाय!"

त्याचाच आवाज. दोर ताणला. एकेक हात करून त्यानं मला वर घेतलं...

वर आलो तर कुणीच न्हाई. माझ्या कमरेपासून दोर गवतावर सरळ पडलेला, टोक मोकळं. बांधायला झाड न्हाई, खुंट न्हाई, धोंडा न्हाई.

तसाच लंगडत टपरीवर गेलो. हणमंता बसलेला. पुढं दोन कप. मला बघून त्याचं तोंड उतरलं.

"तू... आत्ता तर हितं बसला व्हतास."

"दोर कसा सोडलास रं?"

"तूच वर आलास की! खांद्यावर हात ठिवलास, सोड म्हणलास. दोघं संगं चालत आलो."

मी त्याच्या कानाखाली वाजवली. टपरीवाला मधी पडला. "अहो, दोघं मिळूनच तर आलात. चहा तुम्हीच सांगितलात. तेव्हा गुडघा बरा होता तुमचा."

त्याच दिवशी मी एकट्यानं एस्टी धरली. पुढं हणमंता दोनदा घरी आला, मी दार उघडलं न्हाई. तिसऱ्यांदा बाहेरूनच म्हणला, "किसना, पोरांची शपथ, तूच व्हतास."

"मी खाली लोंबकळत व्हतो," आतून म्हणलो. परत तो आला न्हाई. आता तर गेलाच तो.

टपरीवाला कशाला खोटं बोलंल? मग वर कोण आलं, दोर कुणी धरला — मला आजबी सांगता येत न्हाई. लेक म्हणते, हणमंताकाकांना कुणीतरी चकवलं, त्यात त्यांचा काय दोष? आसंल. पण वीस वर्षं माझ्या संगं राबलेला माणूस... अन् परका हात खांद्यावर पडला तर त्याला तो माझा वाटावा?

ते मी अजून माफ केलं न्हाई.