खलास अंकल

बहरीनमधल्या मुहर्रकच्या आमच्या फ्लॅटमध्ये जगातली प्रत्येक गोष्ट एका शब्दात मिटवणारा एक माणूस होता. गॅस संपला, खलास. बिल भरलं, खलास. कुणाचं कर्ज फिटलं, तरी खलास. मूळचे वसईचे, पण गल्फमध्ये इतके मुरलेले की अरबीच्या फोडणीशिवाय त्यांच्या तोंडून वाक्य निघत नसे. आम्ही त्यांना खलास अंकलच म्हणायचो.

मी नोकरीला आलो तेव्हा विमानतळावर न्यायला तेच आले. पहिला पगार होईपर्यंत बोंबलाचं कालवण खाऊ घातलं, एक पैसा घेतला नाही. असा माणूस व्याजाने पैसे देतो आणि तारण म्हणून पासपोर्ट ठेवून घेतो, यावर माझा विश्वासच बसेना.

शुक्रवारी ते जपानी सिनेमे लावायचे. एकाच मालिकेतले, सगळे सावकारांचे. धमक्या, मारहाण, कर्जापायी देशोधडीला लागलेली माणसं. अंकल सोफ्यावर बसून हसायचे. "येडे रे हे! हात कशाला उचलायचा? घरी फोन लावायचा, आईची तब्येत विचारायची. पोरगा दुसऱ्या दिवशी पैसे आणतो." हॉटेलात कुक असलेला बस्त्याव त्यांचा कर्जदार; त्याच्या गावाकडच्या आईला ते अगदी असेच फोन करत. त्यांचा आवाज ऐकला की म्हातारीला कापरं भरायचं.

बस्त्यावने शेवटचा हप्ता आणला तेव्हा मी तिथेच होतो. अंकलना खराच आनंद झाला. पासपोर्ट त्याच्या हातात देऊन त्यांनी हौसेने म्हातारीला फोन लावला आणि ओरडून सांगितलं, "बाय, तुझा बस्त्याव खलास!"

आमच्या गावांकडे माणूस खलास म्हणजे मेला, दुसरा अर्थ नाही. तिकडे फोन पडल्याचा आवाज आला. बस्त्याव इकडून "आये, मी आहे गं!" असं ओरडत राहिला. संध्याकाळी बहिणीचा फोन आला, आई गेली.

अंकल लहान पोरासारखे रडले. "तिकिटाचं मी बघतो रे, आपण आपलेच ना!" बस्त्यावकडे होतं नव्हतं ते हप्त्यात गेलेलं. त्याने पैसे घेतले.

आईला माती देऊन तो परतला, विमानतळावरून बॅगेसकट थेट आमच्याकडे आला आणि आपणहून पासपोर्ट अंकलसमोर ठेवला. मला वाटलं, आता तरी हा माणूस तो परत करील. कसलं काय! त्या माणसाबद्दलचा संताप मला आजही आवरत नाही. अंकलनी डोळे पुसले, पासपोर्ट कपाटात ठेवला आणि म्हणाले, "आईचं काम होतं, म्हणून व्याज निम्मंच लावतो हां."

आणि बस्त्याव, देवाशपथ सांगतो, "थँक यू, अंकल" म्हणाला.